इबोलाची साथ: औषध, लस आणि हाताशी असलेले दिवस

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. इबोलावर औषधच नाही, रुग्णाला वेगळे ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते, हे खरे आहे का? लस निघाली असेल, तर ती सगळ्यांना आधीच का देऊन टाकत नाहीत? आणि घरातलेच माणूस आजारी पडले, तर त्याची शुश्रूषा घरी करता येईल का? संसर्गजन्य रोगांचे रुग्ण तपासण्यात आणि ते शास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. २०१४ साली हाच पहिला प्रश्न कोणी विचारला असता, तर ‘दुर्दैवाने बहुतांशी खरे आहे’ असेच उत्तर मी दिले असते, आणि विद्यार्थ्यांना मी तसेच शिकवतही होतो. आता ते उत्तर चुकीचे ठरले आहे. या रोगाच्या सर्वांत घातक प्रकारावर उपयोग सिद्ध झालेली दोन औषधे आहेत आणि चांगली लसही आहे. मात्र या दोन्हींचे मोल रुग्ण कितव्या दिवशी उपचार केंद्रात पोचतो, यावर ठरते. त्यामुळे उपचार आणि प्रतिबंध यांची उत्तरे मला वेगवेगळी देता येणार नाहीत.

सुरुवात ‘कोणता इबोला?’ या प्रश्नापासून करावी लागते. १९७६ मध्ये मध्य आफ्रिकेत जवळजवळ एकाच वेळी दोन उद्रेक झाले: एक तेव्हाच्या झैरेमधील, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील, यांबुकू येथे आणि दुसरा सुदानच्या दक्षिण भागात. प्रथम दोन्हीकडे एकच विषाणू असल्याचे वाटले होते. पुढे ते दोन वेगळे प्रकार असल्याचे सिद्ध झाले. यांबुकूच्या उद्रेकात ३१८ रुग्णांपैकी २८० दगावले, तर सुदानमधील २८४ पैकी १५१. यांबुकूच्या मिशन रुग्णालयात दिवसाला मोजक्या पाच सिरिंज वापरायला काढत आणि त्याच नुसत्या पाण्याने धुऊन एकामागून एक रुग्णांना टोचत. साथ तेथूनच फोफावली. बुंडिबुग्यो हा आणखी एक प्रकार २००७ मध्ये युगांडात आढळला. मी पुढे ज्या औषधांविषयी आणि लशीविषयी लिहिणार आहे, ती झैरे प्रकारासाठीच परवाना मिळालेली आहेत. २०२२ मध्ये युगांडात सुदान प्रकाराची साथ आली, तेव्हा लशीचा साठा हाताशी असूनही तिचा काहीच उपयोग नव्हता. वर्तमानपत्रात ‘इबोलाची लस उपलब्ध’ एवढेच छापून येते, तेव्हा नेमका हाच तपशील गळालेला असतो.

रोग पसरतो तो रुग्णाच्या रक्ताशी, उलटीशी, जुलाबाशी, घामाशी किंवा अन्य स्रावांशी थेट संबंध आल्याने, अथवा अशा स्रावांनी माखलेल्या कपड्यांमुळे, अंथरुणामुळे आणि सुयांमुळे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात आणि या काळात ती व्यक्ती इतरांना रोग देत नाही. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र रक्तातील विषाणूंची संख्या दिवसागणिक वाढत जाते आणि मृत्यूच्या सुमारास ती सर्वोच्च असते. म्हणजे सर्वाधिक धोका शेवटच्या दिवसांत रुग्णाला हाताळणाऱ्याला आणि मृतदेहाला स्नान घालणाऱ्याला असतो. आजाराची सुरुवात ताप, गळून जाणे, अंगदुखी आणि घसादुखी अशी अगदी सामान्य असते, इतकी की मलेरिया किंवा विषमज्वरापासून ती निव्वळ तपासून वेगळी ओळखता येत नाही. पीसीआर चाचणी करावीच लागते, आणि लक्षणांच्या पहिल्या ७२ तासांत ती नकारात्मक आली, तरी रुग्णाला मोकळे न सोडता ती पुन्हा करावी लागते.

आता उपचार. इबोला म्हणजे डोळ्या-नाकातून वाहणारे रक्त, असे चित्र लोकांच्या मनात रुजले आहे. प्रत्यक्षात मोठा रक्तस्राव थोड्याच रुग्णांत होतो. बहुतेकांचा घात होतो तो न थांबणाऱ्या उलट्या-जुलाबांनी. काही रुग्णांच्या शरीरातून दिवसाला पाच लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी जाते, त्याबरोबर पोटॅशियम आणि अन्य क्षार जातात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात. याच सुमारास काहींना न थांबणारी उचकी लागते, आणि अनुभवी परिचारिका ती ऐकताच सावध होतात. या अवस्थेवर करायचा इलाज वैद्यकशास्त्राला जुनाच ठाऊक आहे: पिऊ शकतो तोवर जलसंजीवनी, पिऊ शकत नसल्यास शिरेतून सलाईन, रक्तातील क्षार आणि साखर वारंवार मोजून त्यांची भरपाई, ताप-वेदनांसाठी पॅरासिटामॉल, मलेरियाचा उपचार, आणि जंतुसंसर्गाची शंका असल्यास प्रतिजैविके. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या टाळायच्या, कारण त्या रक्तस्रावाची शक्यता वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात.

हे सारे साधे असले, तरी २०१४ च्या पश्चिम आफ्रिकेतील साथीत तेच करणे जमत नव्हते. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांत मिळून २८,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि ११,००० हून अधिक मृत्युमुखी पडले. एकेका तंबूत दाटीने रुग्ण, आणि पूर्ण संरक्षक पोशाख चढवलेला कर्मचारी त्या उष्णतेत आत जेमतेम तासभर टिके. आतला कागद बाहेर आणता येत नसे, म्हणून डॉक्टर कुंपणाशी येऊन रुग्णाचा क्रमांक, किती वेळा जुलाब झाले, किती पाणी पोटात गेले, हे ओरडून सांगत आणि पलीकडचा सहकारी ते वहीत उतरवून घेई. एका तासात तीस-चाळीस जणांकडे पाहायचे असेल, तर एकेकाच्या वाट्याला किती मिनिटे येणार? शिरेत सुई घालायला लागणारा वेळ आणि त्यातली जोखीम यांचा विचार करून काही ठिकाणी सलाईन लावणेच मर्यादित ठेवले गेले, आणि त्यावरून आम्हा डॉक्टरांत मोठा वादही झाला. त्याच साथीत अमेरिकेत आणि युरोपात उपचार झालेल्या २७ रुग्णांपैकी ५ दगावले, म्हणजे मृत्यूचे प्रमाण १८.५ टक्के. त्यांतील अनेकांना प्रायोगिक औषधेही मिळाली होती, तेव्हा सारे श्रेय शुश्रूषेला देणे बरोबर होणार नाही. पण विषाणू तोच असूनही एवढा फरक पडावा, यात सलाईन, रक्ततपासण्या आणि खाटेशेजारी चोवीस तास असणारा माणूस यांचा वाटा मोठा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पुढे काँगोमधील साथीत पारदर्शक भिंतींच्या लहान खोल्या वापरात आल्या. भिंतीतच बसवलेल्या बाह्या आणि हातमोज्यांतून परिचारिका बाहेर उभी राहून रुग्णाची नाडी पाहू शकते, सलाईनचा वेग बदलू शकते; आणि नातेवाईक पलीकडे खुर्ची टाकून बसू शकतात. या दुसऱ्या सोयीचे महत्त्व पहिलीइतकेच आहे. आपला माणूस आत गेला की पुन्हा दिसत नाही, ही भीती ज्या गावात पसरते, त्या गावातले रुग्ण लपवले जातात.

प्रत्यक्ष विषाणूवर चालणाऱ्या औषधांची कथा १९९५ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी काँगोतील किकविट शहरातील उद्रेकात आठ रुग्णांना बऱ्या झालेल्यांचे रक्त देण्यात आले आणि त्यांपैकी सात वाचले. आठ जणांवरून काही सिद्ध होत नाही, आणि २०१५ मध्ये गिनीत बऱ्या झालेल्यांच्या रक्तद्रवाची मोठ्या प्रमाणावर चाचणी घेतली, तेव्हा स्पष्ट लाभ दिसलाही नाही. परंतु किकविटच्याच उद्रेकातून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तपेशींमधून शास्त्रज्ञांनी पुढे एक प्रतिपिंड (अँटीबॉडी) वेगळे काढले. विषाणू ज्या प्रथिनाच्या आधारे पेशीत शिरतो, त्यालाच ते जखडून ठेवते. आज ते अन्सुविमॅब या नावाने ओळखले जाते. दुसरे औषध तीन प्रतिपिंडांचे मिश्रण असून त्याचे व्यापारी नाव इन्माझेब आहे.

ही दोन्ही औषधे आणि त्यांच्याबरोबर झेडमॅप व रेमडेसिविर, अशा चार उपचारांची तुलना नोव्हेंबर २०१८ पासून काँगोच्या पूर्व भागात, गोळीबार आणि उपचार केंद्रांवरील हल्ले चालू असताना झाली. १९७६ च्या पहिल्या उद्रेकाच्या वेळी यांबुकूला गेलेले काँगोचे डॉ. झां-झाक मुयेंबे हे या चाचणीच्या नेतृत्वात होते, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये निष्कर्ष इतका स्पष्ट दिसू लागला, की चाचणी मुदतीआधी थांबवून पुढील सर्व रुग्णांना सरस ठरलेली दोनच औषधे देण्याचे ठरले. झेडमॅप मिळालेल्यांपैकी सुमारे ५० टक्के आणि रेमडेसिविर मिळालेल्यांपैकी ५३ टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले होते. अन्सुविमॅब आणि इन्माझेब या दोन गटांत हेच प्रमाण अनुक्रमे ३५ आणि ३३.५ टक्के होते. २०२० च्या अखेरीस दोन्हींना अमेरिकेत परवाना मिळाला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस करताना झेडमॅप व रेमडेसिविर इबोलासाठी वापरू नयेत, असेही सुचवले. दोन्ही औषधे शिरेतून एकदाच द्यायची असतात आणि गर्भवती स्त्रियांना व बाधित मातेच्या नवजात बाळालाही देता येतात.

पण त्या चाचणीतील माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. दाखल होताना ज्यांच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण कमी होते, त्यांच्यापैकी या दोन औषधांवर सुमारे १० टक्केच दगावले. ज्यांच्यात ते जास्त होते, त्यांच्यापैकी औषध मिळूनही जवळजवळ दोन तृतीयांश गेले. लक्षणे सुरू झाल्यापासून दाखल होईपर्यंत गेलेल्या प्रत्येक दिवसामागे मृत्यूची शक्यता सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होती. गावठी दवाखाना, मग देवऋषी, मग दुसरा दवाखाना असे फिरून रुग्ण सातव्या दिवशी पोचला, तर त्याच बाटलीतले तेच औषध बरेचसे वाया जाते, आणि दरम्यान त्याने तीन ठिकाणी रोग दिलेला असतो. लवकर आलेला रुग्ण मात्र स्वतः जगण्याची शक्यता वाढवतो आणि घरच्यांनाही वाचवतो.

लशीचे तर्कशास्त्र यालाच धरून आहे. कॅनडाच्या विनिपेग येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत मूळ काम झालेली एर्व्हेबो ही लस म्हणजे जनावरांना होणाऱ्या एका रोगाचा सौम्य केलेला जिवंत विषाणू, ज्यावर इबोलाचे एक प्रथिन बसवलेले आहे. २०१५ मध्ये गिनीत तिची चाचणी घेताना देवीच्या निर्मूलनातील जुनी युक्ती वापरली गेली: रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कात आलेल्यांना आणि त्या संपर्कातल्यांच्या संपर्कात आलेल्यांना, असे रुग्णाभोवती वलय आखून लस टोचायची. त्या चाचणीत ५,८३७ लोकांना लस मिळाली आणि लस घेऊन दहा दिवस उलटलेल्यांत एकही नवा रुग्ण आढळला नाही. तेव्हा ‘सगळ्यांना आधीच का देत नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर असे, की कोट्यवधी लोकसंख्येत तुरळक, कुठेही उगवणाऱ्या रोगासाठी मर्यादित साठा सर्वत्र पसरून टाकण्यापेक्षा तो राखून ठेवून आगीच्या ठिकाणी नेणे अधिक उपयोगी पडते. त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये पाच लाख मात्रांचा आंतरराष्ट्रीय साठा करण्याचे ठरले. लस उणे ६० अंश सेल्सिअसपेक्षाही थंड ठेवावी लागते, एकदा वितळवल्यावर फ्रीजच्या तापमानात चौदा दिवस टिकते आणि पुन्हा गोठवता येत नाही. रस्ते आणि वीज नसलेल्या भागात हे जुळवून आणणे ही स्वतंत्र कारागिरी आहे. जुलै २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळालेली दुसरी लस सुमारे आठ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रांत घ्यावी लागते, म्हणून ती ऐन साथीत उपयोगाची नाही. साथ येण्यापूर्वी घ्यायची म्हणूनच तिचा विचार होतो.

येथे दोन व्यावहारिक अडचणी सांगितल्या पाहिजेत. एर्व्हेबो घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत ताप, डोकेदुखी आणि सांधेदुखी होऊ शकते, आणि हीच इबोलाचीही सुरुवात असते. त्यामुळे वलयातील लसवंताला ताप आला, तर तो लशीचा की रोगाचा, हे चाचणीशिवाय सांगता येत नाही. दुसरे असे, की लस इबोलाच्या ज्या प्रथिनावर उभी आहे, त्यालाच उपचाराची प्रतिपिंडे जखडतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी दिल्यास लशीचा परिणाम मारला जाऊ शकतो. सुईची जखम झालेल्या परिचारिकेला नेमके काय द्यायचे, हा निर्णय त्यामुळे केंद्रातल्या तज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

लस आणि औषध यांपैकी काहीही नसताना साथ थांबते का? थांबते. जुलै २०१४ मध्ये एक बाधित प्रवासी विमानाने नायजेरियातील लागोस येथे उतरला. एवढ्या मोठ्या, दाट वस्तीच्या शहरात रोग शिरला, तरी एकूण रुग्ण २० झाले, मृत्यू ८. आरोग्य कर्मचाऱ्यांनी संपर्कात आलेल्या ८९४ जणांना शोधून काढले आणि त्यांची विचारपूस करण्यासाठी, ताप पाहण्यासाठी सुमारे १८,५०० वेळा घरोघरी भेटी दिल्या. एकवीस दिवस रोज त्याच दारावर जायचे, तापमान लिहायचे, ताप दिसला की त्याच दिवशी वेगळे काढायचे, असे हे कंटाळवाणे काम आहे. याउलट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया येथील वेस्ट पॉइंट या संपूर्ण वस्तीला सैनिकांचा वेढा घालण्यात आला. दंगल झाली, आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. वस्ती कोंडून रोग कोंडला जात नाही, कारण कोंडलेला माणूस ताप आल्याचे सांगत नाही.

अंत्यसंस्कारांच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. मृतदेहाला स्नान घालणे, स्पर्श करून निरोप घेणे ही पश्चिम आफ्रिकेत रोग पसरण्याची मोठी वाट होती, हे खरे. पण मोनरोव्हियात दहनाची सक्ती झाली तेव्हा, जिथे दफनाचीच रीत आहे तिथे, लोक आजारी माणसेच लपवू लागले. पुढे पद्धत बदलली: देह प्रशिक्षित चमूनेच हाताळायचा, परंतु कुटुंबाला अंतरावरून पाहू द्यायचे, धर्मगुरूला प्रार्थना म्हणू द्यायची, कबरीवर नाव लावायचे. विरोध त्यानंतर बराच निवळला.

आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी एकच गोष्ट सविस्तर सांगतो. पोशाख चढवणे सोपे असते. माणूस बाधित होतो तो बहुधा पोशाख उतरवताना. प्रशिक्षणात आम्ही पोशाखावर अतिनील प्रकाशात चमकणारे द्रव्य शिंपडतो आणि उतरवून झाल्यावर दिवे मालवून तो प्रकाश पाडतो. मी स्वतः पहिल्यांदा उतरवला, तेव्हा माझ्या मते सगळे चोख झाले होते. दिवा लावल्यावर उजव्या मनगटावर आणि कानामागे दोन ठिपके चमकले. कानामागचा ठिपका कधी लागला, ते मला आजही आठवत नाही. म्हणूनच समोर उभा राहून एकेक पायरी मोठ्याने सांगणारा दुसरा माणूस लागतो, आणि प्रत्येक पायरीनंतर क्लोरीनच्या पाण्याने हात धुवावे लागतात: हातमोज्यांसाठी आणि वस्तूंसाठी ०.५ टक्के, उघड्या हातांसाठी ०.०५ टक्के.

आता घरच्या शुश्रूषेविषयी. लायबेरियात नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने रुग्णालयात जागा न मिळाल्याने कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या पायांत आणि अंगावर चढवून चार नातेवाइकांची घरीच शुश्रूषा केली. त्यांपैकी तिघे वाचले आणि ती स्वतः बाधित झाली नाही. ही घटना खरी आहे, पण तिचे प्रशिक्षण झालेले होते, सलाईन लावण्यासाठी डॉक्टरांचा फोनवरून सल्ला होता आणि दुसरा मार्गच उरला नव्हता. आपल्याला माझा सल्ला घरी ठेवू नये, असाच राहील. साथीच्या भागात ताप येताच मदतवाहिनीला कळवावे. गाडी येईपर्यंत रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे, एकाच निरोगी प्रौढाने, गर्भवती नसलेल्या, त्याच्याकडे लक्ष द्यावे. जलसंजीवनीचे भांडे आणि पेला हाताच्या अंतरावर ठेवून मागे सरावे आणि घोटघोट पीत राहायला सांगावे. उलटी-जुलाब उघड्या हातांनी पुसू नयेत, अंथरूण धुवायला घेऊ नये, आणि रुग्णाला भाड्याच्या किंवा सार्वजनिक वाहनातून नेऊ नये. रुग्ण गाडी येण्यापूर्वीच दगावला, तर देहाला हात लावू नये. मिठाचे पाणी पिण्या-अंघोळीने रोग टळतो, यासारख्या अफवांनी २०१४ मध्ये नायजेरियात लोकांचे जीव धोक्यात आले होते; जलसंजीवनी आणि नुसते मिठाचे पाणी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

रुग्ण बरा होऊन घरी आला, की त्याच्याबरोबर जेवायला, त्याला मिठी मारायला हरकत नसते. मात्र डोळे, मज्जासंस्था आणि वृषण यांसारख्या जागी विषाणू काही काळ दडून राहू शकतो. म्हणून बऱ्या झालेल्याने डोळा लाल झाला किंवा दिसणे धूसर झाले, तर लगेच दाखवावे, आणि पुरुषांनी वीर्याच्या दोन लागोपाठच्या चाचण्या नकारात्मक येईपर्यंत, चाचणीची सोय नसल्यास बारा महिने, निरोध वापरावा. २०२१ मध्ये गिनीत पुन्हा उद्रेक झाला, तेव्हा त्यातील विषाणूची जनुकीय रचना पाच-सहा वर्षांपूर्वीच्या साथीतील विषाणूशी इतकी जुळली, की तो वटवाघळासारख्या प्राण्याकडून नव्याने आलेला नसून एखाद्या बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या शरीरात तितका काळ दडून राहिलेला असावा, असाच निष्कर्ष निघाला. शेवटच्या रुग्णाची चाचणी नकारात्मक आल्यावर किंवा त्याचा देह सुरक्षितपणे पुरल्यावर ४२ दिवस, म्हणजे २१ दिवसांचे दोन फेरे, नवा रुग्ण न सापडता गेले की साथ संपल्याचे जाहीर करतात. बऱ्या झालेल्यांच्या तपासण्या आणि समुपदेशन मात्र त्यानंतरही अनेक महिने चालू ठेवावे लागते.